ताईचा ओठ आणि वरदचं बारसं

आमच्या दिघीच्या घरात एकदमच दोघी पथ्यावर आल्या. मी बाळंतीण, आणि माझी थोरली नणंद अरुंधतीताई जबड्याच्या ऑपरेशनची. अळिवाची खीर एकाच पातेल्यात व्हायची. मला वाटीत, आणि ताईला मिक्सरमधून फिरवून, गाळून, सिरिंजने. "दोन्ही बाळंतपणं मीच काढतेय," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

ताईचा खालचा जबडा लहानपणापासून पुढे होता. दातावर दात बसायचाच नाही. पेरू खायचा तर सुरीने कापून, भाकरी कुस्करून. तळवड्याला नोकरी लागली आणि तिनं स्वतःच ऑपरेशनचं ठरवलं. डॉक्टरांनी जबडा मागे घेतला, आत पट्ट्या नि स्क्रू बसवले. दात झकास जुळले. पण काही आठवडे वरखालचे दात रबरांनी आवळलेले, आणि खालचा ओठ नि हनुवटी बधिर. "नस ताणली गेलीय. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, कुणाकुणाचं थोडं राहतंही," डॉक्टर म्हणाले.

बाळ यायच्या आत ही रबरं सुटणार, असाच सगळा बेत होता. बाळाला बेत कुणी सांगितला नव्हता. ते घाईनं निघालं. नवरा, स्वानंद, चाकणला शिफ्टवर. सुजल्या तोंडाच्या ताईनं मला रिक्षात बसवलं, आणि बोलता येईना म्हणून मोबाइलवर मोठ्या अक्षरांत 'जोरात, पण खड्डे चुकवून' असं लिहून रिक्षावाल्यापुढे धरलं. कळा येत होत्या तरी मला हसू आवरेना.

आता बारसं. 'वरद' हे नाव ताईनंच कधीपासून धरून ठेवलेलं. आणि पाळण्यात घातलेल्या बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. पण 'व' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना टेकावा लागतो, आणि ताईला स्वतःचा ओठ कुठे आहे तेच कळेना. आरशापुढे बसून म्हणायची, "अरद... अरद."

"निरंजन ठेवू या," सासूबाई म्हणाल्या. "त्याला ओठ लागत नाही."

"आई, नाव पोराचं ठेवतोय का ताईच्या जबड्याचं?" स्वानंद म्हणाला.

ताईनं मोबाइल दोघांपुढे धरला. 'वरदच. मला नाही जमलं तर विजयश्री सांगेल.' विजयश्री म्हणजे आमची चुलत नणंद. एवढं लिहून ताई आत गेली नि दार लावून घेतलं.

मी बाळाला खांद्यावर घेऊन दाराशी गेले. "ताई, दुसरं कुणी सांगणार असेल तर मी याला पाळण्यात घालायचीच नाही. शाळेत जाईपर्यंत बाळ्याच राहू दे!"

आतून दातांमधून फिस्सकन हसल्याचा आवाज आला.

बारशाला सोसायटीचा हॉल भरला. मोशीच्या चुलत सासूबाई, सोजरबाई, आल्या आल्या सासूबाईंना म्हणाल्या, "कुसुम, तिला धड बोलता येत न्हाई. विजयश्रीला सांग की. पोराच्या कानात वंगाळ जायला नगं."

"थोरली आत्या समोर असताना?" सासूबाई एवढंच बोलल्या.

आत्या पाळण्यावर वाकली की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, अशी रीत. पण या आत्याच्या तोंडात स्क्रू. सासूबाईंनी तिच्या पाठीवर उशी धरली. "काय हौस असेल ती उशीवर भागवा. हात वर सरकला तर माझ्याशी गाठ आहे!"

ताई वाकली. पाळण्याची दोरी माझ्या हातात होती, म्हणून मला ऐकू आलं.

"कुर्र्र... अरद."

उशीवर धपाटे सुरू झाले. ताईनं मान वर केली. डोळे काठोकाठ भरले होते.

"थांबा, थांबा!" मी ओरडलेच. "झालं नाही अजून."

"झालं की," सोजरबाई म्हणाल्या. "कुर्र केलं न्हवं तिनं?"

"केलं, पण हा गाढ झोपलाय. त्यानं ऐकलंच नाही. ताई, परत सांग."

ताईनं बोटानं खालचा ओठ उचलला नि वरच्या दातांवर टेकवून धरला. लहान मुलाचा पाय धरून बुटात बसवावा, तसा. आणि पुन्हा वाकली.

"वरद."

थोडी थुंकी उडाली असेल त्याच्या कानात, पण नाव अगदी स्वच्छ. कुणी काढून घेईल की काय अशा घाईनं तिनं ते पुन्हा म्हटलं, आणि आणखी एकदा.

उशीवर धपाट्यांचा पाऊस पडला. सर्वांत जोरात सोजरबाईंचा हात. "काय ठिवलं गं नाव, आत्याबाई?" त्यांनी विचारलं.

ताई सरळ उभी राहिली, ओठावर बोट तसंच. "वरद!" ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की ज्याचं नाव ठेवलं तो दचकून जागा झाला आणि त्यानं भोकाड पसरलं.