शुक्रवारच्या चालीतली शपथ

सासूबाई क्लासहून परतल्या की दारातून आधी त्यांचा वास आत यायचा: ओल्या लोकरीचा, खोबरेल तेलाचा आणि खडूच्या भुकटीचा. मग बुटांवरचा बर्फ झटकल्याचे दबके आवाज, मग हातमोजे रेडिएटरवर पालथे घातल्याची चाहूल, आणि या सगळ्याच्या मागून एखादा इंग्रजी शब्द, ओठांतल्या ओठांत घोळवत आणलेला. वाटेत चघळत आणलेली गोळी पोरीने उंबऱ्याशी आल्यावर गालात सरकवावी, तसा तो शब्द आत येताच नाहीसा होत असे. कॅनडातल्या मिसिसागाच्या त्या हिवाळी दुपारी उजेड फार थोडा वेळ घरात टेकायचा. विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या बाल्कनीसमोरून जाताना त्यांची सावली भिंतीवरून सरके, आणि त्या सावलीइतक्याच हलक्या पावलांनी आई, म्हणजे सासूबाई, माझ्या सासऱ्यांच्या, पपांच्या, खोलीकडे जात, दाराशी क्षणभर थांबत आणि शुद्ध रेवदंड्याच्या मराठीत विचारत, "चहा टाकू का हो?"

त्या लहानखुऱ्या होत्या. नऊवारीवर माझ्या नवऱ्याचा, डॅनियलचा, जुना पार्का, टोपीवाला जाड कोट, चढवला की त्यांचं फक्त नाक आणि चापूनचोपून बसवलेला भांग दिसायचा. नाव लेआबाई, पण या देशात त्यांना त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, क्लास सुरू होईपर्यंत. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमच्याकडे घरात मराठी आणि प्रार्थनेत हिब्रू. इंग्रजी ही मात्र पपांची एकट्याची मिरास होती. मुंबईच्या गोदीत हेडक्लार्क असताना साहेबांची पत्रं ते साहेबांपेक्षा देखणी लिहीत. कॅनडात आल्यावरही डॉक्टर आईंना विचारी, दुखतं कुठे, आणि उत्तर पपा देत. आईंना त्यात काही उणं वाटलं नाही. सावलीत वाढणारं झाड जसं उन्हाची तक्रार करत नाही, तशा त्या त्यांच्या वाक्यांच्या सावलीत निवांत होत्या.

नागरिकत्वाचे अर्ज पपांनीच भरले, दोघांचे, आपल्या वळणदार अक्षरात. आईंना थोडंफार इंग्रजी बोलता यायला हवं, असा नियम होता, म्हणून मी क्लास शोधला. मी यादीवर चालणारी बाई. फ्रिजवर चिकटवलेली कामं खोडत गेलं की मला दिवस हाती लागल्यासारखा वाटतो. चर्चच्या तळघरात सकाळी फुकट वर्ग भरतो हे कळताच मी नाव घातलं, बसचा रस्ता दाखवला आणि ती ओळ खोडली. पानगळ सरत आली होती. त्याच आठवड्यात पपांना अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हाताबरोबर त्यांची भाषाही गेली, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. उरलं ते एक "बघ". पाणी हवं असलं तरी "बघ", दुखलं तरी "बघ".

आईंनी क्लास सोडायचं ठरवलं. मीच म्हटलं, सकाळी मी घरी असते, माझी शिफ्ट दुपारची, तुम्ही जा. त्या गेल्या, आणि वयाच्या साठीत त्यांच्यावर अशी काही पालवी फुटली की पाहणाऱ्याने दृष्ट काढावी. शेजारच्या बाकावर मारिया नावाची पोर्तुगीज विधवा बसे. दोघींना मिळून जेमतेम एका माणसापुरतं इंग्रजी येई आणि त्यात त्या तासभर गप्पा मारीत. एकदा डॅनियल सुट्टीमुळे पपांजवळ होता म्हणून मी त्यांना आणायला गेले, तर तळघराच्या पायऱ्यांवर मला एक खळाळतं हसू ऐकू आलं. इतक्या वर्षांत ते मी घरात कधी ऐकलं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला. मास्तरीणबाईंनी विचारलं होतं, हिवाळ्यात काय आवडतं, आणि आईंनी उभं राहून सांगितलं होतं, "आय लाइक समर."

पण त्या दिवशी लिफ्टमध्ये मी दुसरंही पाहिलं. मजले वर सरकू लागले तशा आई पदराने चेहरा पुसू लागल्या. कपाळ, गाल, मग ओठांच्या कडा, जणू हसू हळदीसारखं तिथे लागून राहिलं होतं आणि घरात जाण्याआधी ते निघायला हवं होतं. दार उघडलं तेव्हा चेहरा कोरा होता.

"आई, हसलात म्हणून कोणी रागवणार आहे का?"

"तसं नव्हे गं रूथ." त्यांनी किल्ली शोधायचं निमित्त केलं. "एकाच हंड्यातलं पाणी असतं. माझ्या तोंडात एक शब्द येतो, तेव्हा ह्यांच्या तोंडातला एक जातो."

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, मेंदूची डावी बाजू, रक्ताची गुठळी. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. फोन वाजला की त्या तो स्वयंपाकघरात ओढत नेऊन, तोंडावर हात धरून "हू इज स्पीकिंग प्लीज" म्हणत. खिडकीशी बसलेले पपा तेव्हा मान वळवत. त्या वळण्यात कौतुक होतं की दुखणं, मला कधीच कळलं नाही. आईंनी मात्र त्याचा एकच अर्थ लावला होता.

आणि तरीही पपांच्या आत एक खोली शाबूत होती. शुक्रवारी सूर्य मावळायच्या सुमाराला आई पाण्यावर तेल घालून काचेच्या पेल्यातला दिवा लावत, भिजवलेल्या मनुकांचं सरबत गाळत, आणि डॅनियल त्या सरबताने भरलेला चांदीचा प्याला वडिलांच्या डाव्या हातात देई. झटक्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही तो नुसता रिवाज म्हणून दिला होता. पपांनी प्याला उचलला आणि किद्दूश, शब्बाथचं, आठवड्याच्या पवित्र विसाव्याच्या दिवसाचं, स्वागत करणारी ती हिब्रू प्रार्थना, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आपल्या आजोबांच्या चालीत म्हटली. एकही स्वर डळमळला नाही. पुरात घर वाहून जावं आणि तुळई तेवढी जागच्या जागी उभी दिसावी, तसा तो आवाज उभा होता. मग ते खाली बसले, सरबताचा घोट घेतला आणि म्हणाले, "बघ." पाठ असलेलं गाणं मेंदूत वेगळीकडे असतं, डॉक्टर नंतर म्हणाले. आम्ही आठवडाभर त्या एका संध्याकाळवर जगू लागलो.

नागरिकत्वाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, दोघांना एकाच दिवसाचं. मास्तरीणबाई म्हणाल्या, आजारी माणसाला इंग्रजी आणि शपथ दोन्ही माफ होऊ शकतात, मुलाखत घेणाऱ्या जजबाईंना नुसती विनंती करायची. मी ते लगेच टिपून घेतलं. आईंनी ऐकलं आणि पोळपाटावरचं लाटणं थांबवलं.

"माफ करायला ह्यांनी काय गुन्हा केलाय?"

"आई, तसा अर्थ नाही. नियमच आहे."

"साहेबाच्या इंग्रजीतल्या चुका काढलेल्या माणसाला इंग्रजी माफ?" त्या म्हणाल्या. "माफीने नको. आणि हे नाहीत तर मीही नाही. ह्यांच्या आधी मी कधी जेवलेसुद्धा नाही, देश काय घेऊन बसलीस."

लाटणं पुन्हा फिरू लागलं. त्या हट्टात मला त्यांची परतफेड दिसली. घेतलेले शब्द त्यांना नवऱ्याच्या तोंडात परत ठेवायचे होते. त्या शपथेत कॅनडाच्या राणीशी निष्ठेचं एक लांबलचक वाक्य होतं, आणि सबंध हिवाळा त्या ते वाक्य कसं परत ठेवावं याचा विचार करत राहिल्या असाव्यात.

एकदा शिफ्ट रद्द झाली म्हणून मी वाटेतूनच परतले. आतून किद्दूशची चाल ऐकू आली. वार मंगळवार, वेळ दुपारची. दार ढकललं तर पपा खुर्चीत, आई समोर स्टुलावर, दोघांचे गुडघे टेकलेले. चाल आजोबांची, उतारचढाव तेच, आणि शब्द मात्र राणीचे. आई एक तुकडा म्हणत. पपा डोळे मिटून, ओठ चाचपत, तोच तुकडा परत देत. फेथफुल. ट्रू अलीजन्स. इंग्रजी परत येत होतं, पाहुण्याच्या कपड्यांत, पण येत होतं. आईंनी मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारख्या उठल्या.

"देवाला राग येईल का गं?"

"देवाला काय, इंग्रजी येतच असेल," मी म्हटलं, आणि पपांचा चहा अर्ध्या तासाने पुढे ढकलला, म्हणजे सरावाला सलग वेळ मिळेल.

बर्फ वितळून रस्त्याकडेला काळी मळकी ढेकळं उरली होती, तेव्हा आम्ही कोर्टात गेलो. जजबाई थोराड, चष्मा साखळीला लावलेला. आईंना त्यांनी प्रांतांची नावं विचारली, मतदान का करायचं ते विचारलं. आईंनी उत्तरं दिली, हळू, धुतलेली भांडी एकेक मांडावीत तशी. मग पपांना नाव विचारलं. पपा म्हणाले, "बघ." आई खुर्चीच्या कडेवर सरकल्या. "प्लीज मॅडम," त्या म्हणाल्या, "ही विल सिंग."

आणि पपांनी गायलं. काठीवर भार देऊन उभे राहिले, समोर प्याला असल्यासारखा डावा हात किंचित उचलला, आणि कॅनडाच्या राणीला त्यांनी शब्बाथसारखं घरात घेतलं. शेवटच्या शब्दापर्यंत. जजबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. सही करताना त्या म्हणाल्या की अशी शपथ त्यांनी आजवर ऐकली नव्हती. महिनाभरात समारंभ झाला, दोघांना एकाच दिवशी कार्डं मिळाली. गाडीत आईंनी पदराने काहीही पुसलं नाही. घर येईपर्यंत हसू चेहऱ्यावर राहू दिलं.

पुढच्या शुक्रवारी डॅनियलने प्याला दिला. पपांनी सुरुवात केली, संध्याकाळ झाली आणि सकाळ झाली, ते सृष्टीच्या सहाव्या दिवसाचं प्राचीन कथन. मग जिथे चाल वर चढून वळते, त्या वळणावर हिब्रू सुटलं आणि शपथेतली राणी आली. ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा त्याच वळणावर राणी. तिसऱ्या खेपेला त्यांनी प्याला सांडू न देता हलकेच टेबलावर ठेवला आणि आईंकडे पाहिलं. "बघ" म्हणाले नाहीत.

पुढल्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढल्याही. आई ओठांत सूर धरून त्यांना त्या वळणाशी आधार देऊ पाहत, पोहायला शिकणाऱ्याच्या पोटाखाली हात धरावा तसा. हात असेपर्यंत ते तरंगत. हात काढला की बुडत. मास्तरीणबाईंचा फोन आला, वरच्या वर्गात जागा आहे. आई म्हणाल्या, "नो, थँक यू," आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "ह्यांना एकच खोली उरली होती. तिच्यात मी भाडेकरू ठेवला."

"देवाला समजतं, आई."

"देवाला समजतं गं. ह्यांनाही समजतं, त्याचं काय करू?"

मी सराव थांबवून पाहा म्हटलं, टेपरेकॉर्डरवर जुनी चाल लावून पाहू म्हटलं, कसलीशी यादीही केली. आईंनी सगळं करून पाहिलं, आणि शेवटी काहीच न करता त्या दर शुक्रवारी त्यांच्या शेजारी बसत राहिल्या. पपाही थांबले नाहीत. वळणाशी येत, चुकत, डावा हात आईंच्या हातावर ठेवत, आणि उरलेली ओळ न म्हणता सरबत पीत. त्या हात ठेवण्यात मला क्षमा दिसे. आईंना ती कधी दिसली नाही. किंवा दिसली असेल, आणि माफी ही गोष्टच त्यांना मुळात घ्यायची नसेल.

दोन हिवाळ्यांनी पपा गेले. टोरांटोबाहेरच्या कबरस्तानात माती गोठलेली होती, तिला खणायला यंत्र आणावं लागलं. सुतकाचे सात दिवस सरल्यावरच्या शुक्रवारी डॅनियलने पुस्तक उघडून किद्दूश म्हटली. त्याचा आवाज बापासारखाच आहे. सगळं नीट झालं. वळण आलं आणि हिब्रू त्यावरून सरळ पुढे गेलं, कुठे अडखळलं नाही, कोणी आलं नाही. मी मान वर केली तर आई पुढे झुकल्या होत्या, टेबलावरचा हात उपडा, कोणाचा तरी हात त्यावर यायचा आहे अशा बेताने स्थिर. प्रार्थना संपली. "बरोबर म्हटलंस," त्या डॅनियलला म्हणाल्या, आणि हात ओढून मांडीत घेतला.

त्यालाही आता काही वर्षं झाली. आई वरच्या वर्गात पुन्हा गेल्या नाहीत, पण मारियाचा फोन आला की दार लावून घेत नाहीत. शुक्रवारी त्या दिवा लावतात आणि दर खेपेला त्या वळणाशी थोड्या पुढे झुकतात. माणूस जातो तेव्हा त्याचं बिनचूक असलेलं सगळं मागचे लोक वाटून घेतात आणि चालवतात; त्याची चूक तेवढी कोणाला म्हणता येत नाही, आणि काळाच्या एवढ्या मोठ्या ओघात त्याची म्हणून जी जागा रिकामी राहते, ती तेवढीच असते.