काळपुळी पाहिलेली काच

मी एक जुनी काचपट्टी आहे, बोटाएवढी लांब आणि अगदी साधी. हिंगोलीत डॉक्टर नीलाबाईंच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली मला ठेवत.

मित्रांनो, १९४१ च्या उन्हाळ्यात तांड्यावरचे भीमसिंग पत्नी भिकाबाईंसोबत आले. भीमसिंगांचा हात सुजला होता. त्यावर मधोमध काळी पडलेली पुळी होती, पण ती दुखत नव्हती.

"बैल उभ्याउभ्या मेला," भीमसिंग म्हणाले. "त्याचं कातडं म्या काढलं. हाताला काट्याचा ओरखडा होता."

"दुसराबी आज मेला," भिकाबाई म्हणाल्या. "माझा भाऊ शंकरसिंग सुरी पाजळून राहिला."

नीलाबाईंनी पुळीच्या कडेचं पाणी माझ्यावर पसरलं, मला ज्योतीवरून फिरवलं, निळा रंग ओतून धुतलं. आरशावरून आलेलं ऊन माझ्यातून वर गेलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग भिकाबाईंना बोलावलं.

"ह्या तर वेळूच्या निळ्या कांड्या," भिकाबाई हळूच म्हणाल्या. "भवताली गुलाबी काय हाय?"

"ते त्यांचं चिलखत. रक्तातले शिपाई जंतूंना गिळतात, पण चिलखतामुळं हे सुटतात. ओरखड्यातून शिरले आणि आत वाढत गेले. ही काळपुळी, बैलांना मारलं तोच रोग. तो बैल कापू नका. रक्त सांडलं, की हे बियांसारखे मातीत वर्षानुवर्षं निजून राहतात."

मी थक्क झाले. बैल लोळवणारं सैन्य माझ्या अंगावर होतं आणि मला त्याचं ओझंही जाणवलं नव्हतं.

"तुमी ह्यांना बघा," म्हणत भिकाबाई निघाल्या.

पुढचं मी नंतर ऐकलं. त्या पोचल्या तेव्हा शंकरसिंग बैलाजवळ बसला होता.

"सुरी ठेव, भाऊ."

"काहून?"

"बैल मारणाऱ्या जंतूंना म्या काचेवर डोळ्यानं पाहिलं. कापलंस तर तुझ्याबी हातात शिरतील."

त्यानं सुरी ठेवली. बैल न कापता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरला, वर काटेरी कुंपण घातलं.

सुया टोचून घेऊन, ताप सोसून भीमसिंग बरे झाले. हातावर खड्डा राहिला. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकातून मला पाहिलं, पुष्कळ वेळ.

"एवढुशांनी माझी जोडी नेली," ते म्हणाले. "डाक्टरीणबाई, समद्या तांड्याला दाखवता का?"

नीलाबाईंनी होकार दिला. माणसं एकेक करून वाकली. म्हाताऱ्या नानीबाई पाहता पाहता दोन पावलं मागं सरल्या, आणि पुन्हा पाहायला पुढं आल्या.

मित्रांनो, तुम्ही त्या रांगेत नव्हता, म्हणून सांगते. अचानक मेलेल्या जनावराला हात लावण्याआधी जाणत्याला विचारा. दिसत नाही, तेही जिवंत असतं.