बाबांचे अंगठे

बाबांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. अलिबागच्या दुकानातून प्रीतमने फोनवर सांगितलं, "ताई, तेवढ्याच पैशांत दोन गोष्टी येतील. एसएसडी घेतलीत तर बटण दाबताच चालू, पण जागा कमी. हायब्रिडमध्ये तबकडी फिरते, जरा हळू, पण सगळं मावेल. जुनी कधीही बंद पडेल, आजच काय ते सांगा."

मी एसएसडीच्या बाजूची होते. त्यासाठी बाबांनी काढलेले निम्मे व्हिडिओ पुसावे लागणार, म्हणून आई आणि मी ते बघायला बसलो.

बाबा रेवदंड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचे. अलीकडे पुकारता पुकारता फोनवर चित्रीकरणही करायचे. पहिल्या व्हिडिओत पडदाभर त्यांचा अंगठा होता. दुसऱ्यातही. तिसऱ्यात अर्धा अंगठा आणि एक कावळा.

"ह्यो पूस," आई म्हणाली. "ह्यो पन पूस. अगो, ह्यं तर नुसतं नख हाय!"

आणि ती हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग मलाही आवरेना. पुढच्या अंगठ्याला आम्ही एकमेकींच्या अंगावर कोसळलो. दुखवट्याच्या घरात हे काय चाललंय, म्हणून शेजारची मासेवाली आवडाबाई डोक्यावरच्या रिकाम्या पाटीसकट दारात आली.

तेवढ्यात काळ्या पडद्यातून बाबांचा खणखणीत आवाज आला. "पापलेटाची पाटी! हजार! बोला गो, हजार!"

"बाराशे!" आवडाबाई दारातून ओरडली. निव्वळ सवयीनं. आणि त्याच दमात व्हिडिओतूनही तिचाच आवाज आला, "बाराशे!"

"दिली!" बाबा म्हणाले. "आवडाबायला दिली! तिच्याशी कोन भांडंल?"

आवडाबाई पाटी धरून उंबऱ्यातच बसली. "मेल्यावर पन माज्याच गळ्यात मारतो नाखवा!"

आम्ही तिघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पाणी थांबेना, तरी हसतच होतो.

"एक पन अंगठा पुसायचा न्हाय," आई म्हणाली.

"मग हायब्रिड घ्यावी लागेल, आई. ती हळू सुरू होते."

"होऊ दे. तुजा बाप तरी कवा पयल्या हाकेला उठला?"

मी प्रीतमला फोन लावला. मागून आवडाबाई आईला विचारत होती, "ते सगलं ऱ्हाऊ दे गो. माजी पापलेटं कुठं हायत?"