धोंडूकाकांची बारा पावलं

मी एक जुनी फक्कीची गाडी आहे. हसलात ना? मला ठाऊकच होतं. मित्रांनो, तुम्ही फुटबॉलचं नाव काढलं की बॉलचं कौतुक करता, बुटांचं करता, गोल मारणाऱ्याला तर खांद्यावर घेऊन नाचता. पण मैदानावरच्या त्या पांढऱ्या रेघा कोण मारतं? आकाशातून पडतात का त्या? तो पांढरा भुगा म्हणजे फक्की, आणि ती पोटात घेऊन मैदानभर फिरते ती मी. माझ्याशिवाय फुटबॉल म्हणजे नुसती पळापळ!

माझा जन्म नाहूरच्या एका वेल्डिंगच्या दुकानातला. तेलाचा एक रिकामा डबा, कुणाच्या तरी मोडक्या बाबागाडीची चाकं आणि एक वाकडा पाइप, एवढ्यावर माझा संसार उभा राहिला. मला घडवून घेतलं ते मुलुंडच्या एका कॉलेजातल्या धोंडूकाकांनी. मैदानाची सगळी देखभाल त्यांच्याकडे. काका मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी गेली आणि काका मैदानात आले. त्यांनी मला पहिल्यांदा ढकललं तेव्हा माझं डावं चाक 'चुंईक' करून ओरडलं. काका म्हणाले, "ओरडतंस कित्याक गो? आताच खंय सुरुवात झाली हा." त्याला आता बावीस वर्षं झाली. चाक अजून ओरडतं.

काकांची आखणीची पद्धत ठरलेली. लांबच लांब रेघा आणि चौकोन मारायला त्यांच्याकडे गाठी मारलेली एक सुतळी होती. पण पेनल्टीचा ठिपका मात्र ते कधी सुतळीने मापत नसत. गोलच्या रेघेवर टाच टेकवायची, छाती पुढे काढायची आणि बारा लांब पावलं टाकायची. बाराव्या पावलाला मला थांबवून एक झटका द्यायचा, की पडला ठिपका. "माजां पाऊल म्हणजे एक यार्ड. टेप लावून बघ होयां तर," असं ते छातीठोकपणे सांगत. आणि खरंच, अनेक पंचांनी टेप लावून पाहिली होती. बोटभरसुद्धा फरक नाही! मला त्याचा कोण अभिमान होता म्हणून सांगू!

दर वर्षी मोसमाच्या पहिल्या दिवशी काका मैदानाच्या मधोमध नारळ ठेवायचे आणि गावच्या रिवाजाप्रमाणे देवाला गाऱ्हाणं घालायचे. कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या मुली भोवती गोल करून उभ्या राहायच्या. या वर्षीही तसंच झालं.

"बा देवा म्हाराजा! ह्या पोरी आज खेळाक उतरतत, त्यांच्या पायांक दुखापत होव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुली ओरडल्या.

"जर खंय काय चूकभूल झाली आसात, तर ती पोटात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज गोलकीपर संघमित्राचा. पोरगी ताडमाड उंच आणि आवाज असा की नाहूर स्टेशनवरचे लोक वळून बघतील.

या वर्षीचा संघ झकास होता. कॅप्टन रुचिरा पेनल्टी मारण्यात वस्ताद. सराव संपला की रुचिरा आणि संघमित्रा ठिपक्यापाशी थांबायच्या. एकीने मारायचं, दुसरीने अडवायचं.

"काय यार रुचिरा, तू बॉल मारतेस की तोफ डागतेस? मला दिसतच नाही!" संघमित्रा हात चोळत म्हणायची.

"डोळे उघडे ठेव ना मग!"

कॉलेजांच्या स्पर्धेतले पहिले तीन सामने आम्ही जिंकलो. चौथा सामना होता सांताक्रूझच्या कॉलेजशी, आमच्याच मैदानावर. शेवटच्या पाच मिनिटांत आम्हाला पेनल्टी मिळाली, रुचिराने ती बरोब्बर कोपऱ्यात घातली आणि आम्ही एक-शून्यने जिंकलो. मुली नाचत होत्या. तेवढ्यात सांताक्रूझचे सर पंचांकडे गेले. "हा ठिपका मला जवळ वाटतोय," म्हणाले.

धोंडूकाका लांबून हसले. "लावा टेप," त्यांनी स्वतःच सांगितलं.

पंचांनी टेप लावली. एकदा लावली, पुन्हा लावली. मग म्हणाले, "बारा यार्ड पाहिजे. हे दहाच आहे."

मित्रांनो, माझ्या पोटातली फक्की गोठली. असं कसं झालं? आणि मग माझ्या ध्यानात आलं. गेल्या मे महिन्यात काकांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. काका पुन्हा चालायला लागले म्हणून सगळे खूश होते. पण त्यांचं पाऊल आखूड झालं होतं आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्यासुद्धा नाही. मी तर रोज त्यांच्या पुढे चालत होते. मला तरी कळायला नको होतं का?

पंचांनी निकाल रद्द केला. सामना पुन्हा खेळायचा, तोही सांताक्रूझला. समोरच्या मुली जाताना कुजबुजल्या, "यांचं मैदानच चीटर आहे." काकांनी ते ऐकलं. त्यांनी मान खाली घातली आणि कितीतरी वेळ ते स्वतःच्या पायांकडे बघत उभे राहिले. मला रडूच कोसळलं असतं, पण डब्याला डोळे कुठले?

दुसऱ्या दिवशी काका कोच यज्ञेश सरांकडे गेले. "सर, माका गेटवर बसवा. माज्या पावलाचो माकाच भरवसो रवलो नाय."

सरांनी समजावलं, हात जोडले. काका ऐकेनात. मग आखणीसाठी बाहेरून एक माणूस येऊ लागला, रंगाचा फवारा मारणारं नवं यंत्र घेऊन. मी स्टोअररूमच्या कोपऱ्यात फाटक्या जाळ्यांखाली जाऊन पडले. एकदा ऑफिसातले कुणीतरी आले, मला पायाने ढकलून पाहिलं आणि म्हणाले, "मोसम संपला की हे भंगारात काढा." म्हणजे माझी वाट लागली होती. पण खरं सांगते, भंगारापेक्षाही मला एकच घोर लागला होता. माझे काका त्या मैदानावर पुन्हा पाऊल ठेवतील की नाही?

सांताक्रूझचा सामना झाला त्या दिवशी संध्याकाळी मुली सामान ठेवायला स्टोअररूममध्ये आल्या. सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. सामना बरोबरीत सुटला होता, कारण संघमित्राने पेनल्टी अडवली होती.

"कशी अडवलीस गं ती?" रुचिरा विचारत होती.

"अगं, बॉल येतच नव्हता!" संघमित्राचे डोळे चमकत होते. "म्हणजे चालत चालत आला गं माझ्याकडे! मला वाटलं, हिने हळू मारला. पण सर म्हणाले, चांगलाच जोरात होता." तिने माझ्याकडे पाहिलं. मग डोक्यावर हात मारला. "अरे देवा! दहा यार्ड! मी दोन महिने दहा यार्डांवरून तुझ्या तोफा झेलतेय! बारा यार्डांवरून मला तो बॉल हळूच वाटणार ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला जाळ्यांखालून ओढून काढलं आणि चुंईक चुंईक करत थेट गेटवर नेलं.

"काका, मला माझा ठिपका परत पाहिजे."

काकांचा चेहरा पडला. "गो बाय, माजी मस्करी करतंस?"

"आईशप्पथ नाही, काका. तुमच्या चुकीमुळेच मी पेनल्टी अडवली." तिने सगळं समजावून सांगितलं. "रुचिराला बाराचा ठिपका टेपने मारून घेऊ. पण मला भिंतीकडच्या सरावाच्या गोलसमोर तुमच्या पावलांचाच पाहिजे. टेपने नको. तुम्ही चाला."

काका खुर्चीचा हात धरून उठले आणि माझा पाइप धरला. एक, दोन, तीन... बारा आखूड पावलं. मला झटका बसला आणि ठिपका पडला. बावीस वर्षांत मी हजारो ठिपके पाडले असतील, पण असा आनंद कधी झाला नव्हता.

त्या दिवसापासून काका रोज सकाळी गेटवरून उठून येत, तो एक ठिपका पाडत आणि परत जाऊन बसत. मोठ्या मैदानाकडे मात्र ते वळूनही बघत नसत.

बघता बघता आम्ही फायनलला पोचलो. समोर पुन्हा सांताक्रूझ, आणि सामना आमच्या मैदानावर! संघमित्रा सरांसमोर उभी राहिली. "सर, फायनलचं मैदान काकांनीच आखायचं."

"आणि परत काही चुकलं तर? फायनल आहे, बाळा."

"मी टेपचं दुसरं टोक धरते ना."

सरांनी होकार दिला, पण काका अडून बसले. "माका नको. पुन्हा तोच तमाशो होयत." तेव्हा संघमित्राने आवाज चढवला, "काका, मी तुमच्या ठिपक्यावर विश्वास ठेवून रोज सकाळी हात सुजवून घेतेय. तुम्ही माझ्या टेपवर एक दिवस ठेवा ना!" काका उठले. तिने गोलच्या रेघेवर टेप दाबून धरली, काकांनी दुसरं टोक ओढलं आणि आम्ही तिघांनी मिळून ठिपका मारला.

सामन्याआधी मुली मैदानाच्या मधोमध गोल करून उभ्या राहिल्या आणि हलेचनात. "काका, गाऱ्हाणं!" काका आले. नारळ नव्हता, तर रुचिराने आपली पाण्याची बाटली ठेवली. "बा देवा म्हाराजा! माज्या पावलाची चूक ह्या पोरींच्या पदरात घालू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्याच संघमित्रासारख्या ओरडल्या.

सांताक्रूझच्या सरांनी टेप मागितली. पंचांनी लावली. "बारा. बरोब्बर," पंच म्हणाले. काकांनी माझा पाइप घट्ट धरला.

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टीवर आला. काका गोलच्या मागे माझ्याशेजारी बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "काय झालां ता तूच सांग गो माका," ते मला पुटपुटले. मी काय सांगणार? पण आवाजावरून त्यांना कळत होतं. आमच्या मुलींनी पाचातल्या चार घातल्या. त्यांच्या चार मारून झाल्या, त्यातली एक संघमित्राने अडवली होती. आता त्यांची शेवटची. ही गेली तर बरोबरी, अडली तर चषक आमचा.

मुलगी धावत आली. बॉल उजवीकडे, खाली, जोरात. संघमित्रा त्याच्याआधी तिथे पोचली होती.

मग जो कल्ला झाला तो काय सांगू! मुली एकमेकींवर पडल्या. संघमित्रा मात्र जाळीला वळसा घालून मागे आली आणि तिने चिखलाच्या हातांनी काकांना मिठी मारली. "काका, डोळे उघडा! आपण जिंकलो!" काका रडत होते आणि हसतही होते. मुलींनी चषक उचलून माझ्या डब्यात ठेवला, काकांच्या हातात माझा पाइप दिला आणि सगळ्यांनी मिळून आम्हाला मैदानभर फिरवलं. माझ्या तळाचं झाकण उघडंच राहिलं होतं. त्यामुळे मैदानभर एक वेडीवाकडी रेघ पडली आणि चषकही पांढराफटक झाला. मैदानाची शिस्त पाळणारे आमचे काका ती रेघ पुसायलाही थांबले नाहीत.

आता काका पुन्हा मैदानावर असतात. टेपचं दुसरं टोक धरायला रोज कुणी ना कुणी येतं. ऑफिसातल्या माणसाने भंगाराचं नाव पुन्हा काढलेलं नाही. भिंतीकडच्या गोलसमोर आखूड पावलांचा तो ठिपकाही रोज पडतो आणि नव्या मुली त्याला 'काकांचा ठिपका' म्हणतात.

मित्रांनो, तुमच्याही मैदानावर कुणीतरी माझ्यासारखी गाडी ढकलत असेल. त्यांचं पाऊल आखूड झालं असेल तर हसू नका, टेपचं दुसरं टोक धरा. आणि खेळायला उतरताना रेघ पायाने पुसू नका, पाय उचलून ओलांडा. आमच्या मैदानावरची प्रत्येक रेघ काका आजही दुखऱ्या गुडघ्यांनी चालत जाऊनच मारतात.