रुखवतातलं देऊळ

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात रुखवतातलं देऊळ लोकांनी जेवून संपवलं, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो. पण यात काडीचंही खोटं नाही. शहाण्णव सालचा मे महिना, कन्हेरीतलं आमचं घर, दारात मांडव, आणि सगळा घोटाळा माझा. मी राजनंदिनी. घरात मला नंदे म्हणतात, आणि चिडले की कोणीच काही म्हणत नाही.

ताईचं नाव योगिनी. तिच्या हातून काही टाकवतच नाही. संत्र्याची साल वाळवून उटण्यात घालायची, जुन्या धोतराच्या वाती करायच्या, लुगड्याच्या काठांचं पायपुसणं विणायचं, वेलीवर वाळलेलं घोसाळं सोलून त्यानं भांडी घासायची. घरात गॅस आला तेव्हा आम्ही सगळे हरखून गेलो होतो आणि ही बाई उदास तोंड करून म्हणाली, "आता राख कुठनं आणायची?" मी हसून हसून लोळले. दोन महिन्यांनी मटकीला कीड लागली आणि आईच राख मागत शेजारीपाजारी फिरली. ताईनं तेव्हा माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्याचा मला फार राग यायचा.

ताईच्या लग्नाच्या आदल्या वर्षी आमच्या चुलतबहिणीचं लग्न झालं. रुखवतात थर्माकोलचा रथ, थर्माकोलचा राजवाडा, प्लास्टिकच्या फुलांची बाग. बघायला गाव लोटलं होतं. तीन महिन्यांत तो रथ उकिरड्यावर आला आणि त्याचे पांढरे दाणे वाऱ्यानं उडून आमच्या गव्हात पसरले. ताई ते वेचत बांधावर बसली होती. घरी आली ती ठरवूनच. "माझ्या रुखवतात उकिरड्यावर जाईल अशी एक बी वस्तू ठेवायची न्हाय."

दिवाळीनंतर तिची सुपारी फुटली. मुलगा पळसदेवचा, रविराज, लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर. मला दाजी पहिल्या भेटीतच आवडले, कारण ते लाजायचे. पण त्या घरात शब्द चालायचा तो त्यांच्या आत्याचा. दाजींची आई लहानपणीच गेली; म्हाळसाबाई आत्यांनीच त्यांना वाढवलं. सुपारीच्या दिवशी आत्याबाईंनी ताईला समोर बसवून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरगी दिसाया बरी हाय. पर हात कसा हाय, त्ये मी रुखवत बघून सांगीन."

झालं. ताईची झोप उडाली. जन्मभर ज्या घरात राहायचं, तिथल्या मालकिणीनं परीक्षेची तारीखच देऊन टाकली होती.

ताई कामाला लागली. ती आणि आई फॉरेस्टच्या रानातून पळसाची पानं आणायच्या आणि रोज संध्याकाळी बारीक काड्यांनी टाचून पत्रावळ्या-द्रोण करायच्या. लग्नाचं जेवण याच पत्रावळ्यांवर वाढायचं, असा तिचा बेत. माघापर्यंत दाबून वाळवलेल्या सहाशे पत्रावळ्या आणि तेवढेच द्रोण माळ्यावर रचून झाले.

आणि मग मी तोंड घातलं. मी बारामतीला बारावीला जात होते, त्यामुळे जगात काय चाललंय ते घरात मलाच ठाऊक, अशी माझी समजूत होती. मी वडिलांना, म्हणजे तात्यांना म्हटलं, "पळसदेवची माणसं काय म्हणतील? कन्हेरीला अजून पाल्यावर जेवत्यात? बारामतीत आता प्लास्टिकच्या ताटल्या मिळत्यात. पांढऱ्याशुभ्र, खणाखणाच्या. द्रोण तर एवढे पातळ की पलीकडचं दिसतं." आमचे तात्या, दादासो, कुस्तीत कुणाला हार गेले नाहीत, पण "लोक काय म्हणतील" म्हटलं की चितपट. दुसऱ्याच आठवड्यात प्लास्टिकचे गठ्ठे घरात आले.

ताई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "सुपारीच्या दिवशी त्यांनी दिलेला तो पळसदेवचा फोटो कुठं ठेवलायस?"

फोटोत दाजी पळसदेवच्या जुन्या देवळापुढं घोटाभर चिखलात उभे होते. उजनी धरणाचं पाणी फुगलं तेव्हा जुनं गाव गेलं आणि देऊळही पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं आणि गावची माणसं होडीतून नाहीतर चिखल तुडवत तिथं जाऊन येतात. ताईनं तो फोटो भिंतीला टाचला, माळ्यावरच्या पत्रावळ्या खाली काढल्या आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

हळदीच्या दिवशी तिनं मला आत बोलावलं. मी काय काय टोमणे मारायचे ते ठरवूनच गेले होते. बघते तर समोर माझ्या उंचीचं देऊळ! पत्रावळ्यांच्या थरांच्या भिंती, पालथ्या द्रोणांचं निमुळतं शिखर, आणि वर घासून घासून चकचकीत केलेल्या करवंटीचा कळस. कुठं खळ नाही, खिळा नाही, नुसती रचाई. फोटोतलं देऊळ चिखलातून उठून आमच्या घरात आलं होतं. मला इतका आनंद झाला की मी ताईला मिठी मारली, आणि लगेच इतकी लाज वाटली की सोडूनही दिलं.

"उद्या मी बोहल्यावर असणार," ताई म्हणाली. "तू हितंच उभं ऱ्हायचं. आत्याबाई बघेपातूर कुणाचा हात लागू देऊ नगंस. शपथ घे."

मी गळ्याची शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी दोन ट्रक आणि एक जीप भरून वऱ्हाड आलं. बँडवाल्यांनी असा दणका दिला की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली. मांडवाच्या एका अंगाला टेबलांवर रुखवत मांडलेलं: कातरणाच्या पिशव्या, पायपुसणी, रिठे-शिकेकाईची गाठोडी, चाळलेल्या राखेचा डबा, घोसाळ्याचे घासणे, आणि मधोमध देऊळ. नवऱ्याकडच्या दोन करवल्या आल्या. एकीनं राखेचा डबा उघडला आणि दुसरीला कोपर मारलं. "अगं, भंगारवाल्याची गाडी हितंच उभी केली वाटतं!"

"भंगारवाला परवडला," मी म्हटलं, "तो निदान विचारून हात लावतो." डबा मी त्यांच्या हातून काढून घेतला. माझे कान तापले होते.

आत्याबाई मात्र इकडं फिरकल्याच नाहीत. आईनं आग्रह केला तर म्हणाल्या, "जेवणं होऊ द्या. मग निवांत बघीन." मी देवळापुढं उभी होते ती उभीच. अक्षतासुद्धा मी तिथूनच फेकल्या. त्या बहुतेक सनईवाल्यावर पडल्या असाव्यात.

अक्षता पडल्या आणि पहिली पंगत बसली. वरपक्षाचे पुरुष, म्हातारी माणसं, मधोमध दाजींचे वडील आबाजी, पांढऱ्याफेक नव्या धोतरात. पुढ्यात माझ्या त्या पांढऱ्याशुभ्र ताटल्या. मला केवढा अभिमान वाटला! लापशी वाढली, वांग्याची भाजी वाढली, आणि चुलवणावरून थेट उतरवलेली आमटी द्रोणात पडली.

द्रोण आकसला. खरंच सांगते, आगीवर धरलेल्या पानासारखा आकसला आणि एका बाजूला लवंडला. मग दुसरा, मग तिसरा. आमटीचे ओघळ ताटल्यांतून धोतरांवर. "आरं, पाय भाजला!" म्हणत आबाजी उठले, त्यांच्याबरोबर अर्धी पंगत उठली, आणि नेमकी तेव्हाच रस्त्याकडून वावटळ आली. पुढच्या पंगतीसाठी काढून ठेवलेल्या ताटल्यांचा गठ्ठा सुटला. सगळ्या मांडवभर ताटल्या! एक बँडवाल्याच्या कर्ण्यात जाऊन बसली, बाकीच्या कुंपण ओलांडून उसात. तात्या तोंडाचा आ करून बघत राहिले.

"स्टीलची ताटं आणा!" कोणीतरी ओरडलं. पण त्या दिवशी तिथी दाट. गावात आणखी चार लग्नं होती आणि भाड्याची सगळी ताटं केव्हाच गेली होती. चारशे माणूस उपाशी, आमटी निवायला लागलेली. तात्यांची नजर फिरत फिरत रुखवताकडे आली आणि देवळावर थांबली. मग त्यांनी मान खाली घातली. त्यांच्याही तोंडून ते निघेना.

मला तर त्यांच्या आधीच सुचलं होतं. सुचलं म्हणूनच मी दोन्ही हात पसरून देवळापुढं उभी राहिले होते. "न्हाय," मी म्हटलं, कुणी काही विचारलं नसताना. "आत्याबाईंनी अजून बघितलं न्हाय."

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि ताई आली. मुंडावळ्या डोक्यामागं टाकलेल्या, शालूचा पदर कमरेला खोचलेला.

"नंदे, सर बाजूला."

"ताई, सहा महिने लागल्यात तुला! आत्याबाईंनी बघू दे तरी. त्यांना काय दाखवणार मग तू?"

"वापरायलाच केल्यात त्या. माणसं उपाशी बसल्यात." तिचा आवाज जरासा फाटला, पण हात थांबला नाही. तिनं करवंटीचा कळस उचलला आणि माझ्या मुठीत दिला. मला रडू कोसळलं. त्या देवळाची टिंगल करायला निघालेली मी, भर मांडवात त्याच्यासाठी रडत होते.

ताईनं शिखराचा पहिला द्रोण उचलला.

"थांब!"

आत्याबाई होत्या. त्या काठी टेकत आल्या आणि देवळासमोर उभ्या राहिल्या. वर बघितलं, खाली बघितलं, एका बाजूनं वाकून बघितलं. मग हात पुढं करून भिंतीवरून फिरवला.

"ह्ये आमचं हाय," त्या म्हणाल्या. "आमचं जुनं देऊळ."

"व्हय, आत्याबाई," ताई म्हणाली.

"ह्या दारात मी गजगं खेळलीया." आत्याबाईंनी उंबऱ्याच्या जागी बोट टेकवलं. आबाजींनी पुढं येऊन "आक्का" म्हटलं, तर हातानंच त्यांना गप्प केलं. मग एकदम ताठ झाल्या. "आगं पोरी, वाळल्याली पत्रावळ तशीच वाढाया घेत्यात व्हय? चिरंल की! आधी पाण्यात बुडवावी लागती. टिपाड आणा कुणीतरी! बघत काय ऱ्हायला?"

पाण्याचं टिपाड, म्हणजे लोखंडी पिंप, आलं. शिखराचा थर आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं उतरवला आणि पाण्यात घातला. "खरं देऊळ बुडाल्यालं म्या बघितलंय," त्या ताईला म्हणाल्या. "तवा लई रडले. आज ह्ये चारशे माणसाच्या जेवणात बुडतंय. रडायचं काय कारण न्हाय." आणि पदरानं डोळे पुसले.

मग काय विचारता! टेबलापासून टिपाडापर्यंत आणि टिपाडापासून पंगतीपर्यंत माणसांची रांग लागली. पत्रावळ्या हातोहात निघाल्या. भंगारवाला म्हणणाऱ्या त्या दोघी करवल्या शालू भिजवून पत्रावळ्या निथळत होत्या, दाजी बाशिंगासकट द्रोण वाटत होते, तात्या आमटीची बादली घेऊन स्वतः धावत होते. आमटी द्रोणात पडली आणि थांबली. एक थेंब गळला नाही. आबाजींनी द्रोण तोंडाला लावून भुरका मारला तो मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू आला. मी हसत होते, रडत होते, धावत होते, आणि एका मुठीत कळस तसाच घट्ट धरलेला. चार पंगती उठल्या. उष्ट्या पत्रावळ्या काही शेळ्यांनी खाल्ल्या, काही खताच्या खड्ड्यात गेल्या. टेबलाच्या मधोमध नुसती रिकामी जागा राहिली.

पाठवणीच्या वेळी आत्याबाई त्या रिकाम्या जागेपुढं येऊन उभ्या राहिल्या. सगळे जमले. ताई खाली मान घालून.

"रुखवत बघून हात सांगीन, म्हणले हुते," आत्याबाई म्हणाल्या. "बघाया हिनं काय ठेवलंच न्हाय."

मी ताईच्या जवळ सरकले.

"माझ्या घरात असाच हात पायजे," त्या म्हणाल्या. ताईच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. मग माझ्याकडे वळून माझी मूठ उघडली, करवंटी काढून घेतली आणि पदराच्या गाठीला बांधली. "पुढल्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळापाशी गावजेवण घालू. ही करंल पत्रावळ्या. आन् तू बी यायचंस, प्लास्टिकवाले. तुला टाचाया शिकवायची हाय."

कुणी सांगितलं त्यांना? तात्यांनी तोंड फिरवलं, तेव्हा कळलं.

जीप सुरू झाली. मी ताईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होते. आईही रडत होती, शेजारणीही रडत होत्या. ताईनं मला घट्ट आवळलं आणि हुंदका देत कानात म्हणाली, "नंदे, ते प्लास्टिकचं उरल्यालं द्रोण उकिरड्यावर टाकू नगंस. उसात गेल्याल्या ताटल्या बी येचून आण. द्रोणाला खाली भोक पाड, माती भर, आन् पपईची रोपं कर."

रडता रडता मला असं हसू फुटलं की बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

दोन दिवस मी उसात ताटल्या वेचत फिरले. पात्यांनी हात कापले, पण एकही सोडली नाही. पुढच्या मेमध्ये उजनीचं पाणी उतरलं आणि मी पळसदेवला गेले. डोक्यावर पाटी, पाटीत पपईची चाळीस रोपं, प्रत्येक रोप प्लास्टिकच्या एका पातळ द्रोणात. देवळाच्या दारात आत्याबाई आणि ताई पळसाची पानं घेऊन बसल्या होत्या. मला बघून दोघी बाजूला सरकल्या आणि मधे माझ्यापुरती जागा केली.