दिवाणखान्यातली पाणबुडी

भाचीने सकाळीच आपल्या वडिलांना, म्हणजे माझ्या दादाला, बजावलं होतं, "बाबा, आज समुद्राचं नाव काढायचं नाही. लग्न ठरवायला येताहेत ते, लढायला नाही."

दादाने मान डोलावली. पण त्याची सगळी हयात पाणबुडीच्या इंजिनपाशी गेलेली, आणि येणारे व्याही समोरच्या देशाच्या नौदलातले. जहाजात बसून, कानांना यंत्र लावून पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकायचं त्यांचं काम. चहा येईपर्यंत दोघं कसेबसे हवेबद्दल बोलले. मग हवा संपली.

"तुमच्या पाणबुड्या किती होत्या हो?" व्याह्यांनी विचारलं.

"नऊ."

"त्यातल्या चालणाऱ्या?"

दादाने कप खाली ठेवला. "चालणाऱ्या तरी तुम्हाला कधी सापडल्या का? आम्ही बॅटरीवर गेलो की माशालाही पत्ता लागत नसे."

"बॅटरी उतरली की वर यावंच लागायचं ना? आमचं हेलिकॉप्टर पाण्यात माईक सोडून वाटच बघत असायचं. आणि तुमचा पंप! जांभया देत ऐकायचो मी."

"आमचा पंप?" दादा उठलाच. "तुमची जहाजं एवढी घरघरायची, तुम्हाला तुमचंच ऐकू येत असेल!"

"अहो, पुरे," विहीणबाई म्हणाल्या. पण ऐकतंय कोण! शेवटी पैज लागली. व्याह्यांनी डोळे मिटून खुर्चीत बसायचं. दादाने आतल्या खोलीतून निघून, त्यांच्या खुर्चीमागून बाहेरचं दार गाठायचं. चाहूल लागली की व्याह्यांनी हात वर करायचा.

दादाने चपला काढल्या, खिशातल्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि फ्रिज सुरू व्हायची वाट बघत उभा राहिला. त्या घरघरीच्या आडून निघायचा त्याचा बेत. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आत भाची रडकुंडीला येऊन व्याह्यांच्या मुलाशी, होणाऱ्या नवऱ्याशी, कुजबुजत होती, "बाबा हरले तर तुमच्या घरात पाऊल टाकणार नाहीत. मग मी तरी कशी येऊ?"

व्याह्यांची मान किंचित आमच्याकडे वळली. डोळे मिटलेलेच.

फ्रिज सुरू झाला. दादा भिंतीच्या कडेने निघाला, खुर्चीमागे आला, आणि त्याचा गुडघा कडाडला. वाळकी फांदी मोडावी तसा. विहीणबाई दचकल्या. व्याह्यांचा हात मांडीवरून हलला नाही.

"पोचलो!" दादा दारातून ओरडला.

व्याह्यांनी डोळे उघडले. "अरेच्चा! कधी गेलात? मानलं बुवा तुम्हाला."

मला वाटलं, सुटलो. पण दादाचा चेहरा पडला.

"गुडघा वाजला माझा."

"मला नाही ऐकू आला."

"अहो, शेजाऱ्यांना ऐकू गेला असेल! पंप बंद करून आम्ही घामात बसायचो, खोकलासुद्धा गिळायचो. ते काय गुडघाही न ऐकणाऱ्या कानांच्या धाकाने? काही सांगू नका. ऐकलंत तुम्ही. तुम्ही जिंकलात!"

"छे! बिनआवाजाचे तुम्हीच. तुम्ही जिंकलात."

"माझ्या घरात मला खोटं सांगता?"

"बरं, ऐकला! पण हेलिकॉप्टरातून नसता ऐकला!"

"का नाही? तुमची हेलिकॉप्टरं काय साधी होती?"

विहीणबाईंनी मला कोपराने ढोसलं. "हे चालू दे. आपण दिवस ठरवू." भाची डोळे पुसत बाहेर आली, आमच्या दोघींमध्ये बसली आणि दिवस तिनेच सांगितला. तिकडे दोघं एकमेकांच्या नौदलाची बाजू घेऊन पुन्हा हमरीतुमरीवर आले होते.