अठरा कदमांचा श्वास

"निकल गई! नली निकल गई!"

आयसीयूच्या व्हरांड्यात एकच गिल्ला झाला. दीक्षितपुऱ्याच्या एका मिठाईवाल्याची आई एकोणीस दिवस मशीनवर होती. आज तिची नळी निघाली, ती आपल्या दमानं श्वास घ्यायला लागली, आणि चाळीसेक माणसं सांसवाले बाबांच्या पायांवर पडायला धावली. बाबा बाकावर मांडी घालून डोळे मिटून बसले होते. परवाच त्यांनी आयसीयूच्या बंद दाराकडे हात करून सांगितलं होतं, "माताजी की सांस सोलह कदम चल रही है. परसों छूट जाएगी." सुटली ना! मग आणखी काय पाहिजे? डॉक्टरला मात्र कुणी धड पाणीसुद्धा विचारलं नाही.

मी श्यामसुंदर. तीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. मापात न बसणारा माल परत पाठवायचा, हेच माझं काम. असल्या कदमांची, म्हणजे पावलांत मोजलेल्या श्वासाची, मला चीड आहे. पण माझा मोठा भाऊ दिनकरदादा त्याच आयसीयूत होता. सिगरेटींनी फुफ्फुसांचं वाटोळं केलेलं, बारा दिवस तोंडात नळी. मूलबाळ नाही. सही करायची ती सुनेत्रावहिनीनं.

डॉक्टर अंतरा रोज सकाळी मशीनचा जोर अर्धा तास कमी करायची आणि दादाच्या बरगडीखाली सोनोग्राफीचं यंत्र लावायची. मग अकरा वाजता नातेवाइकांना एकेक करून आत बोलवायची. पहिल्याच दिवशी तिनं आम्हाला नीट समजावलं होतं.

"काका, छाती आणि पोटाच्या मधे एक पडदा असतो. श्वास घेतला की तो खाली सरकतो. मशीनवर राहून तो कमजोर होतो. तो किती मिलिमीटर सरकून राहिला ते मी पाहते. दहा-अकराच्या वर गेला, बाकीही सगळं ठीक असलं, की नळी काढायचा विचार करू. त्याच्या आत काढली तर दम तुटेल."

त्या सोमवारी ती म्हणाली, "आज आठ. शुक्रवारी सहा होता. वाढून राहिला, काका. मला आठवडा द्या."

आठ. मी आणि वहिनी, दोघांनीही स्वतःच्या कानांनी ऐकलं.

तासाभरानं बाबांनी वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे फिरवले, दोन ढेकर दिले आणि गर्जना केली, "दिनकरजी की सांस अठारह कदम चल रही है! बृहस्पतिवार को नली छूट जाएगी!"

वहिनी रडायला लागली. लोकांनी जयजयकार केला. मी मात्र अठरावरच अडकलो. मिठाईवाल्याला मी विचारलं, "माताजी का सोनोग्राफी में कितना आया था?" तो म्हणाला, "सोलह." म्हणजे तिथे बाबाचे कदम आणि डॉक्टरचे मिलिमीटर अगदी सारखे. मग आमच्याच आठाचे अठरा कसे झाले?

वहिनीला बाजूला घेतलं. "खरं सांगा, कोणाला काय बोललात?"

तिनं मान खाली घातली. "पुष्पादीदीनं विचारलं होतं."

पुष्पादीदी म्हणजे व्हरांड्यातली अन्नपूर्णाच. रोज डब्यात पुऱ्या आणायची, बायांचे डोळे पुसायची आणि सगळ्यांना विचारायची, "आज कितना आया, दीदी?" तिथे हे आकडे म्हणजे शाळेचा निकालच झाला होता. कोणाचे चौदा, कोणाचे सोळा, कोण पास, कोण नापास.

"सगळ्या चौदा-पंधरा सांगून राहिल्या होत्या, भाऊजी. मला आठ म्हणायची लाज वाटली. अठरा म्हणून टाकलं."

झालं! बाबाची दिव्यदृष्टी आमच्या वहिनीच्या थापेला ठेच लागून पडली. पुष्पा आकडे गोळा करायची, बाबा ते कदम म्हणून परत वाटायचा. ज्याचा आकडा चांगला, त्याची नळी डॉक्टर दोन दिवसांत काढणारच असायची, म्हणून बाबा म्हणायचा, 'परसों'. ज्याचा वाईट, त्याला म्हणायचा, 'बुलावा आ गया'. चुकणार कुठे लेकाचा?

मी बाकावर चढून हे सगळं ओरडून सांगितलं. "आठ है! डॉक्टर से पूछ लो! अठारह सिर्फ पुष्पा को बताया था, और वो भी झूठ!"

पुष्पानं डबा उचलला आणि ती जिन्याकडे वळली. बाबाचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो हसला. "मशीन को आठ दिखता है, बेटा. हमको अठारह." लोकांनी पुन्हा जयजयकार केला. मिठाईवाल्यानं मला हात धरून बाकावरून उतरवलं. "भैया, हमारी अम्मा तो बच गई ना?"

गुरुवारी डॉक्टर अंतरा नळी काढायला तयार नव्हती. त्या दिवशी पडदा नऊ सरकला होता. बाबा म्हणाला, "तो घर ले चलो. हम वहीं छुड़ाएँगे." डॉक्टरनं हात जोडले, समजावलं, शेवटी रागावलीसुद्धा. वहिनीनं स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो म्हणून सही केली.

"वहिनी, काहून असं करून राहिल्या? अठरा तर तुम्हीच रचलं होतं ना!"

"हो," ती म्हणाली. "पण त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा वाटलं, देवानं ते खरं केलं असेल."

मी स्ट्रेचरचं एक टोक धरलं. ते मी धरायला नको होतं. आडवा पडायला पाहिजे होतो.

ॲम्ब्युलन्समध्ये एक माणूस हातानं पिशवी दाबून दादाला श्वास देत होता. बाबा पुढच्या गाडीत. घराजवळच्या गढ्याच्या बाजारात आम्ही अडकलो. दादानं माझ्याकडे पाहिलं, नळीमुळे बोलता येत नव्हतं, माझं मनगट त्यानं घट्ट पकडलं. घर दोन गल्ल्यांवर असताना पकड सुटली.

बाबाला नळीला हात लावायची वेळच आली नाही. दारात उभा राहून त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "भाई के अविश्वास ने कृपा तोड़ दी."

तेरावं झालं तरी वहिनी माझ्याशी बोलत नव्हती. एकदाच बोलली. "तुम्ही त्या दिवशी तोंड उघडलं नसतं, तर हे वाचले असते." तिला सगळं ठाऊक आहे. तरी ती हेच धरून बसली आहे, आणि मरेपर्यंत बसेल.

माझ्या घरात मी हरलो. तुम्हाला तरी सांगतो. तुमचं माणूस मशीनवर असेल आणि कोणी त्याच्या आतलं अचूक सांगू लागला, तर पाया पडायच्या आधी एवढं विचारा, की हे त्याला सांगितलं कोणी. आणि डॉक्टर आठवडा मागत असेल, तर तो द्या. माझ्या भावाला तो मिळाला नाही.